कापलेली बोळवण

बोरखेडे, ता. शहादा
१९ नोव्हेंबर १९६१

चि. शांतीलालभाऊजींना वहिनीचा आशीर्वाद.

तुमचं कार्ड पोचलं. दिवाळीला आला नाहीत, भाऊबीजेला आला नाहीत, आणि आता एकदम आईंच्या गुडघ्यांची चौकशी. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची जुनीच खोड. गुडघे झाले, कपाशी झाली, तुमच्या दादांचा खोकला झाला, आणि मग कार्डाच्या पार तळाला, पोस्टाच्या शिक्क्याखाली बारीक अक्षरात, की फिल्मची ती डबी घरी असेल तर पाठवून द्या.

आहे. डबी घरीच आहे. जोंधळ्याच्या कोठीत आहे आणि कोठीवर आई बसलेल्या आहेत.

तुम्ही लिहिता की मुंबईत हौशी लोकांच्या छोट्या फिल्मांची स्पर्धा लागली आहे, जानेवारीत प्रवेशिका द्यायची आहे, आणि तुमच्या लॅबोरेटरीतले लोक म्हणतात की तुमच्या आखाजीच्या, त्यांच्या भाषेत अक्षय्य तृतीयेच्या, फिल्मला नंबर मिळेल. मिळू दे बापा. इतरांच्या फिल्मा धुण्यात तुमचं आयुष्य जाऊ नये असं मलाही वाटतं. पण भाऊजी, तुम्ही एप्रिलात भांडून गेलात ते गेलात. त्यानंतर या घरात काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि मी आजवर मुद्दामच लिहिलं नाही.

राखीला भावाची भेट म्हणून तुम्ही ती डबी रंजनसाठी पाठवलीत. ती आली तेव्हा रंजनला जाऊन आठवडा होत होता. विहिरीवर पाय घसरला, असं तिच्या सासरच्यांनी सांगितलं आणि आपण ऐकून घेतलं. डबी कोणी उघडली नाही. मग दसऱ्याच्या सुमारास सरकारी प्रचाराची मोटार गावात आली, खत कसं टाकावं, देवी कशी टोचून घ्यावी, ते दाखवायला. तिच्यावर सिनेमा दाखवणारा सुकलाल आपल्या शेजारच्या गावचाच. आईंनी डबी पदराखाली आणली आणि त्याच्या हातात दिली. शाळेच्या भिंतीवर आपलं अंगण आलं, निंब आला, झोका आला, आणि झोक्यावर रंजन.

आई रडल्या नाहीत. उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. झोका त्यांच्या पाठीवरून येत होता, जात होता.

त्या दिवसापासून आई रंजनचं ताट वाढतात. कोणी म्हटलं की बाई, पोर गेली, तर म्हणतात, "मन्ही पोर जित्ती शे. झोका खेळी ऱ्हायनी. बठ्ठा गावनी देखं ना?" गाव काय बोलणार? गावानं पाहिलंच आहे.

तेव्हा डबी मागायची तर तुम्ही स्वतः येऊन मागा. माझ्याच्यानं होणार नाही.

सरलावहिनी

०

बोरखेडे
२२ डिसेंबर १९६१

चि. भाऊजींना आशीर्वाद.

येणार नाही असं लिहिलंत. ज्या उंबऱ्यातून तिला ढकललं तो उंबरा चढणार नाही, हेही लिहिलंत. हे वाक्य मी आईंना वाचून दाखवलं नाही. तुमची पत्रं वाचताना मी बरंच काही गाळते, आणि आईंचं बोलणं लिहिताना तुमच्यासाठीही गाळते. दोन्हीकडून मीच चाळणी.

तरी विषय काढला. आई भाकरी थापत होत्या. म्हटलं, शांतीलालभाऊजींना ती फिल्म मुंबईला हवी आहे, मोठमोठे लोक बघणार आहेत, बक्षीस आहे. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "एक डाव धाडी दिन्ही मी तिले. आते नही धाडसू."

झालं. तुमचे दादा मध्ये पडले तर त्यांनाही ऐकवलं की रूपचंद, तू बैल जुंपले होतेस, तू बोलू नको. ते दोन दिवस शेतातच जेवले.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट आईंच्या कानी घातली आणि चक्र फिरलं. तुम्ही लिहिलंय की स्पर्धेत दहा मिनिटांच्या वर फिल्म चालत नाही आणि आपली अकराची आहे, तेव्हा कुठलंतरी एक मिनिट कापावं लागेल. मला वाटलं, कापण्याचं नाव काढलं की आई डबीवर आडव्या पडतील. त्या उलट विचारायला लागल्या. कसं कापतात? कात्रीनं? कापलेलं परत चिकटतं का? कापलं की ते मग कोणालाच दिसत नाही का? मी म्हटलं, भाऊजींनी लिहिलंय की या फिल्मची दुसरी प्रत काढलेली नाही, कॅमेऱ्यातून निघाली तीच एक. कापलं की गेलं.

आईंनी परातीतलं पीठ निपटलं. मग म्हणाल्या, "लिखी दे शांतीले. गाडी कापी टाक म्हनावं, मंग ली जाय."

गाडी म्हणजे शेवटचं मिनिट. आखाजी झाल्यावर रंजनचा जेठ, थोरला दीर, तिला न्यायला आला, ती गाडीत बसली, गाडी वेशीकडे गेली, ते. सुकलालनं तीनदा फिल्म दाखवली आणि तीनही वेळा गाडी दिसली रे दिसली की आई "बंद कर आते" म्हणून उठल्या. तो बिचारा म्हणतो, "मावशी, आजून फिलिम बाकी शे." त्या ऐकत नाहीत. त्यामुळे रंजन गाडीत चढते ते गावानं अजून पाहिलेलं नाही. झोक्यावर असते आणि अंधार होतो.

मला माहीत आहे, तुमचा जीव त्या शेवटच्या मिनिटात आहे. लेक माहेरी येते, खेळते, आणि परत जाते, त्यातलं जाणंच काढलं तर उरलं काय, हे तुम्ही लिहिणारच. तरी आईंचं हे असं आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घ्यायची तर गाडीशिवाय घ्या, नाहीतर डबी कोठीतच राहील.

वहिनी

०

बोरखेडे
९ जानेवारी १९६२

चि. भाऊजी,

तुमच्या दादांनी गेल्या शुक्रवारी डबी शहाद्याच्या पोस्टातून रजिस्टर केली. पावती माझ्याजवळ आहे.

तुम्ही कबूल झालात, बरं केलंत. मनातून किती कडू झालात ते अक्षरावरून दिसलंच. पण कापलेला तुकडा पाकिटात घालून घरी पाठवायचा, अशी आईंची अट आहे, ती विसरू नका. त्यांना तो मुंबईत नको आहे.

डबी कशी निघाली ते सांगते, नाहीतर तुम्हाला कोणी सांगणार नाही. आईंनी झाकणाला कुंकू लावलं. नव्या खणात गुंडाळली. शिदोरी म्हणून वर दोन सांजोऱ्या ठेवायला निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, पोस्टवाला घेणार नाही, तेल लागेल. तर त्या तुमच्या दादांच्या खिशात घातल्या. वेशीपर्यंत मागे आल्या. तिथं डबीवर हात ठेवून म्हणाल्या, "आखाजीले ये, बेटा. शांती तुले ली येई." तुमच्या दादांनी सायकल हातात धरून तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. त्या माणसाला मी लग्नानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आता घरात जरा मोकळं वाटतं. आई ताट वाढत नाहीत. पोर बाहेरगावी गेली आहे म्हणतात. मी चार रात्री चांगली झोपले. भाऊजी, देवाशपथ सांगते, मला वाटलं, सुटलो.

सरलावहिनी

०

बोरखेडे
१४ मार्च १९६२

चि. शांतीलालभाऊजींना आशीर्वाद.

पहिला नंबर! तुमचे दादा पत्र घेऊन चावडीवर गेले आणि प्रत्येकाला दाखवून आले. कधी न हसणारा माणूस पेढे वाटत होता. मीही देवापुढे साखर ठेवली. तुम्ही शहाद्याच्या फोटोवाल्याचा चावीचा कॅमेरा मागून आणला तेव्हा हेच गाव म्हणत होतं, खुळखुळा आणलाय. आता म्हणतं, आमचा शांतीलाल. जग असंच.

परीक्षकांचं मत तुम्ही उतरवून पाठवलंत ते मी दोनदा वाचलं. झोक्यावरची मुलगी शेवटपर्यंत खाली उतरत नाही, तिला मरेपर्यंत तसंच झुलत ठेवण्याचं धाडस दिग्दर्शकानं केलं, म्हणून बक्षीस. तुम्हीही लिहिता की नाइलाजानं कापलं आणि तेच कामाला आलं. फिल्मच्या आता नव्या प्रती निघणार, पुण्याला, दिल्लीला, कलकत्त्याला दाखवणार. छान आहे.

पण हे 'मरेपर्यंत' मला आवडलं नाही. त्या माणसाला काय ठाऊक, म्हणून सोडून देते.

तुकडा पोचला. काळी फीत, बोटभर रुंद, उजेडाला धरली तर चिमुकल्या चौकटी. आईंना दिसत नाही एवढं बारीक, म्हणून त्यांनी मला बघायला लावलं. "कोन शे?" मी म्हटलं, गाडी आहे. रंजन आहे. दार आहे. "दारमा कोन शे?" मी म्हटलं, तुम्ही. त्यांनी फीत हातातून घेतली आणि चुलीत घातली. केस जळाल्यासारखा वास सुटला, तो दोन दिवस स्वयंपाकघरातून गेला नाही.

बाकी सर्व ठीक. उन्हाळा लवकर लागला आहे. दुपारी अंगणात चिटपाखरू नसतं. निंबाच्या फांदीचा कुरकुर आवाज येतो, तो कशाचा ते कळत नाही. झोक्याचा दोर रंजन गेली तेव्हाच सोडून माळ्यावर टाकलाय. शेजारच्या गाडीचं जू वाजत असेल.

वहिनी

०

बोरखेडे
१२ एप्रिल १९६२

भाऊजी,

आशीर्वाद वगैरे पुढच्या वेळी.

तुमचं उत्तर मिळालं. तुम्ही लिहिता, वहिनी, तुम्ही सातवी पास झालेल्या, तुम्हीसुद्धा आईंच्या नादी लागलात? फिल्ममध्ये माणूस नसतं, नुसता उजेड असतो. मला शिकवू नका. उजेड असतो तर तो बंद केल्यावर जावा.

मी मागच्या पत्रात जू वाजतं असं लिहिलं, ते खोटं. शेजाऱ्यांची गाडी महिनाभर सोयऱ्यांकडे आहे. आवाज झोक्याचाच आहे. भर दुपारी येतो, ऊन टळटळीत असताना, आणि वाऱ्याची झुळूक नसते. मी भांडी घासता घासता थांबते, तो थांबत नाही. परवा तर गाणंही आलं. तुमची फिल्म मुकी, त्यात गाणं नाही, त्यामुळे ते फिल्ममधून आलं म्हणायचीही सोय नाही. आई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की गाणं ऐकू येतं, आणि मी मनात हसत होते. आता आम्ही दोघी पडवीत बसतो आणि एकमेकींकडे बघत नाही. तुमच्या दादांना काही ऐकू येत नाही. ते म्हणतात, ऊन लागलंय, कांदा हुंगा.

आणि आई बदलल्या आहेत. ज्या बाईला पोर झोक्यावर आहे याचा एवढा आनंद होता, ती आता जेवत नाही. गेल्या सोमवारी दुपारी त्या एकाएकी उठल्या, निंबाखाली गेल्या आणि वर हात केले, लहान मूल घ्यायला करतात तसे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोर थकी गई वं. झोका खेळी खेळी हात सोलाई ग्यात तिना. तिले खाले उतारा कोनीतरी."

भाऊजी, आपण केलं काय? तिची गाडीच कापली. ती झोक्यावरून उतरून जाणार कशी आणि कशातून? तुम्ही पुण्याला दाखवा, कलकत्त्याला दाखवा, दर खेळाला ती पुन्हा वर चढते आणि उतरायच्या आत तुमची फिल्म संपते. आईंना ती जायला नको होती. आता त्यांनाच बघवत नाही.

आखाजी पंचवीस दिवसांवर आली. वर्षात गेलेल्या माणसाची पहिली घागर, डेरगं, या आखाजीला भरायचं असतं, नाहीतर जीव पाण्यावाचून फिरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. सासरचे भरणार नाहीत. त्यांनी फाल्गुनात दुसरी आणली. म्हणजे माहेरानंच भरायचं. मी आईंना म्हटलं तर म्हणाल्या, "ती आजून गई कोठे? दारमाईन गई नही तं घागर कोनी भरू?" बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या हिशेबानं ती अंगणातच अडकली आहे.

आता गाळलेलं लिहिते, कारण गाळून उपयोग नाही. आईंना गाडी का नको होती ते तुम्हाला वाटतं तसं नाही. तुम्हाला वाटतं, पोर जाताना बघवत नाही म्हणून. त्यात रंजन गाडीतून मागे वळून बघते, आणि दारात आई आहेत, आणि आई तोंड फिरवून घरात जातात. तुमच्या फिल्ममध्ये आईंची पाठ आहे. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही, तुम्ही त्यांना ती दाखवलीत. मोटार गावात आल्याबरोबर त्यांनी सुकलालकडून एकदा, कोणी नसताना, ती पूर्ण बघितली होती. हे त्यांनी मला आता सांगितलं. "ती देखी ऱ्हायंती, आनि मी तोंड फिराई लिन्हं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतात.

आणि तुम्ही. तुम्ही त्या दिवशी अंगणात ओरडलात, तिला धाडू नका, तिच्या दंडावरचे वळ बघा. एकटे तुम्हीच बोललात, हे खरं. पण बोलताना तुमचा डोळा कॅमेऱ्याला होता, हेही खरं. कॅमेरा खाली ठेवून बैलांच्या पुढे उभे राहिला असतात तर? हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. खरं तर दुखवायलाच लिहिते आहे. आईंवर वर्षभर रुसून बसलात म्हणून.

म्हणून आता सांगते ते करा. आखाजीला या. येताना कॅमेरा घेऊन या, आणि कोरी रीळ. आई म्हणतात की गाडीचं परत काढायचं. त्याच दारात, त्याच बैलांची. रंजनचं हिरवं लुगडं पेटीत आहे, ते नेसून मी बसेन. आई दारात तोंड समोर करून उभ्या राहतील आणि तिला नीट वाटेला लावतील. मग ते मिनिट फिल्मला परत जोडून टाका. दहा मिनिटांची अकरा होईल, स्पर्धेचं बक्षीस परत मागितलं तर देऊन टाका.

मला वेड लागलं म्हणा, काहीही म्हणा. पण या.

सरला

०

बोरखेडे
२० मे १९६२

चि. शांतीलालभाऊजींना अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलात, वाचून बरं वाटलं. गावात अजून तुमचीच चर्चा. तुम्ही उंबऱ्याशी क्षणभर थांबलात आणि मग चढलात, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. आईंनी तुमच्या पायांवर पाणी घातलं, तेव्हा तुम्ही दोघं काहीच बोलला नाहीत. तुमच्या घरात बोलायची पद्धतच नाही, मला एकटीलाच सगळ्यांचं बोलावं लागतं.

त्या दिवसाचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला होतात, मी गाडीत होते. गाडीतलं सांगते.

लुगडं मला अपुरं होत होतं. ती माझ्याहून उंच, तरी अपुरं कसं, ते मला आजही कळलेलं नाही. तुमच्या दादांनी बैल जुंपले. तुम्ही चावी दिलीत आणि "चला" म्हणालात. गाडी हलली. मला तुम्ही सांगितलं होतं की वेशीच्या अलीकडे मागे वळून बघा, तेव्हा मी वळले. आई दारात होत्या, समोर बघत होत्या, ठरल्याप्रमाणे. चेहरा इतका शांत की मला वाटलं, झालं, निभावलं.

मग त्या धावल्या. गुडघ्यांनी बारा महिने कुरकुरणारी बाई अंगण ओलांडून, चाकाला पाय लावून वर आली आणि माझा दंड धरला. "उतर बेटा, उतर. कोठेच नही जावानं. मी नही धाडत." तुमच्या दादांनी कासरे ओढले. मी घाबरून जागीच बसले होते. असं ठरलं नव्हतं, भाऊजी. आईंनी तिला वाटेला लावायचं ठरलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "माय, तू हात सोडशी नही ना?"

मी त्यांना कधी माय म्हणत नाही. मी तळोद्याची, लग्नाला चौदा वर्षं झाली, पण अहिराणीत मी कधी त्यांच्याशी बोलले नाही, त्यावरून रंजन मला किती चिडवायची तुम्ही ऐकलंय. ते वाक्य मी मनात जुळवलं नव्हतं. ते आलं.

त्यांनी मला गाडीतून उतरवलं आणि मातीत बसून छातीशी धरलं. आणि मग गेल्या श्रावणापासून जे तोंडातून काढलं नव्हतं ते त्यांनी काढलं. "मरी गई वं मन्ही रंजन. मी धाडी आनि मरी गई." अख्खा गाव कुंपणाला होता. तेव्हा मी बघितलं की कॅमेरा जमिनीवर आडवा पडलाय आणि तुम्ही आमच्याकडे धावत येताय. तेवढ्यासाठी तुमच्यावरचा माझा सगळा राग गेला.

डेरगं आईंनी स्वतः भरलं. आंबा ठेवला, खरबूज ठेवलं, चुलीत घास टाकताना तिचं नाव घेतलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे निघालात. त्या दुपारी मी मुद्दाम पडवीत एकटी बसले. निंब गप्प. कालही गप्प. आई दोन भाकरी खातात आणि मला ओरडतात, म्हणजे ठीक आहे.

आता तुमच्या पत्राबद्दल.

रीळ धुतलीत, असं लिहिता. कॅमेरा पडला तरी चालू होता आणि थोडंफार उमटलं आहे, असंही लिहिता. आणि मग, 'वहिनी, त्यात एक गोष्ट आहे, ती पत्रात लिहिता येत नाही, समक्ष सांगेन.' स्पर्धावाले पुढच्या वर्षासाठी नवीन फिल्म मागताहेत, ही द्यावी की कसं, तेही विचारता.

देऊ नका. एवढं माझं ऐका. बक्षीस दुसऱ्या कशावरही मिळेल, तुमच्या हातात कसब आहे. ही कोणाला दाखवू नका. आणि जोडायचं म्हटलं होतं तेही नको, आता गरज नाही.

मात्र एक अडचण आहे, म्हणून तातडीनं लिहायला बसले. काल आई माझ्या केसांना तेल लावत होत्या. मध्येच हात थांबला. म्हणाल्या, "सरला, खरं सांगजो. मी गाडीमाईन कोनले उतारं? तुले का तिले?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते खोटं नव्हतं. तर म्हणाल्या, "शांतीले इचार. त्यानी फिल्ममा दिखीच."

तेव्हापासून पोस्टमनची वाट बघत त्या दारात बसून आहेत.

भाऊजी, तुम्हाला त्यात जे दिसलं असेल ते मला समक्षही सांगू नका, कधीच. मला या घरात अजून नांदायचं आहे. आईंना मात्र वेगळं कार्ड टाका. अक्षर ठसठशीत काढा, म्हणजे वाचून दाखवताना मी अडखळणार नाही. लिहा की फिल्म नीट बघितली, चारदा बघितली, आणि आईंनी उतरवली ती रंजनच होती.

तुमची,
सरलावहिनी